जाडीचा हिशोब : घरी ड्रेस वॉच घडवण्याचा छंद

ड्रेस वॉच म्हणजे शर्टाच्या बाहीखाली विनासायास सरकणारं घड्याळ. गोल, पातळ, चामड्याच्या पट्ट्याचं. तबकडीवर दोन काटे, फार तर सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ. तारखेची खिडकी नाही, अंधारात चमकणारा रंग नाही, फिरणारं कडं नाही. पाटेक फिलिपने १९३२ साली आणलेलं ९६ क्रमांकाचं ‘कालाट्राव्हा’ हा या घराण्याचा मूळपुरुष मानला जातो. त्याचा व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर होता. त्याच वर्षी स्टर्न बंधूंनी ही कंपनी विकत घेतली, आणि स्टर्न बंधूंचा मूळ धंदा तबकड्या बनवण्याचा. तबकडी जाणणारी माणसं कारखान्याची मालक झाली, त्याच सुमारास इतकं मोकळं घड्याळ बाजारात आलं, ही गोष्ट घरी घड्याळ घडवू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सुट्या भागांचा बाजार जगभर खुला झाल्यापासून घरच्या टेबलावर घड्याळ जुळवणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढली. त्यातले बहुतेकजण पाणबुड्याच्या घड्याळापासून सुरुवात करतात. केस जाड असते, काटे रुंद असतात, तबकडी काळी असते. लहानसहान चुका त्यात खपून जातात. ड्रेस वॉचमध्ये काहीच खपत नाही. पांढऱ्या तबकडीवर पडलेला कापसाचा एक तंतू, किंचित वाकडा बसलेला मिनिटकाटा, पाव मिलिमीटर सरकलेलं मध्याचं भोक, सगळं पहिल्या नजरेत दिसतं. दिसायला सर्वांत साधं घड्याळ घडवायला सर्वांत अवघड असतं, ते यामुळे.

‘घरी घडवलं’ म्हणताना नेमकं काय घडवलं, हा या छंदातला पहिला प्रश्न. त्याचं एका टोकाचं उत्तर जॉर्ज डॅनियल्स यांनी दिलं. या इंग्रज कारागिराने १९६९ पासून अख्खी घड्याळं एकट्याने बनवली: केस, तबकडी, काटे, चाकं, स्क्रू, सगळं एका माणसाच्या हातचं. एरवी ही कामं वेगवेगळ्या कारागिरांत वाटलेली असत. घर्षण कमी करणारं त्यांचं को-ॲक्सियल एस्केपमेंट पुढे १९९९ मध्ये ओमेगाने वापरात आणलं. १९८१ साली त्यांनी ‘वॉचमेकिंग’ हा ग्रंथ लिहिला आणि आपली रीत उघड करून टाकली. मँचेस्टरला घड्याळाचं शिक्षण घेतलेल्या रॉजर स्मिथ या तरुणाने त्या ग्रंथाच्या आधारे पहिलं खिशातलं घड्याळ बनवलं आणि १९९२ मध्ये डॅनियल्सना नेऊन दाखवलं. त्यात हाताने केल्याच्या खुणा दिसतात म्हणून त्यांनी ते नापसंत केलं. स्मिथनी दुसऱ्या घड्याळाला पाच वर्षांच्या आसपास दिली, त्यातले भाग पुन्हा पुन्हा नव्याने केले, आणि ते मात्र पसंत पडलं. पुढे डॅनियल्सनी त्यांना आपल्याबरोबर कामाला घेतलं. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी तासभर बसणाऱ्यासाठी हा मार्ग नाही, हे उघड आहे. पण त्या प्रसंगात जे दिसतं ते सगळ्यांनाच लागू पडतं: हाताने केलं म्हणून ओबडधोबड चालेल, अशी सूट या कामात मिळत नाही.

दुसऱ्या टोकाला तयार संच असतो. मशीन, केस, तबकडी आणि काटे एका डब्यात येतात, आणि दोन तासांत घड्याळ मनगटावर बांधता येतं. यात कमीपणा काही नाही. काटे बसवणं आणि चावीचा दांडा मापात कापणं ही दोन कामं त्यातून शिकायला मिळतात आणि ती पुढे जन्मभर लागतात. पण मन तिथे फार काळ रमत नाही. माझ्या मते घरच्या कारागिराची खरी जागा या दोन टोकांच्या मध्ये आहे. मशीन कारखान्याचं असावं, पण ते पूर्ण उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा चालू करता यावं. आणि तबकडी व काटे शक्य तितके आपल्या हातचे असावेत. बघणाऱ्याचं लक्ष जातं तबकडी-काट्यांवर, आणि घड्याळ चालतं ते आतल्या स्वच्छतेवर.

मशीन निवडताना जाडीचा हिशोब आधी मांडावा लागतो, आणि बहुतेक नवशिके इथेच फसतात. सर्वांत सहज मिळणारं मशीन म्हणजे सेइकोचं एनएच३५. ते दणकट आहे, स्वस्त आहे, भागही भरपूर मिळतात. पण त्याची जाडी ५.३२ मिलिमीटर. त्यावर तबकडीचे ०.४, काटे आणि काचेखालची मोकळी जागा मिळून साधारण २, काचेचे १.२, मागच्या झाकणाचे आणि त्याच्या आतल्या फटीचे दीड. बेरीज साडेदहाच्या घरात जाते, आणि प्रत्यक्षात बाजारात मिळणाऱ्या केसमध्ये ती बारावर पोचते. बाहीखाली ते घड्याळ अडकतं. त्याऐवजी सिटिझनच्या मियोटा शाखेचं बिनतारखेचं ९०३९ घेतलं तर मशीन ३.९ मिलिमीटरचं, म्हणजे घड्याळ नऊच्या आसपास बसतं. सेलिटाचं चावीचं एसडब्ल्यू २१० आणखी पातळ, ३.३५. आणि प्यझो ७००१ मिळालं तर प्रश्नच मिटतो: जाडी फक्त २.५ मिलिमीटर, व्यास २३.३, सतरा ज्वेल, चावीचं, आणि सेकंदाचं वर्तुळ बरोबर सहाच्या जागी. जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावच्या नोमॉस कंपनीने १९९२ मध्ये ‘टँगेंटे’ काढलं, तेव्हा आत हेच मशीन होतं.

शिकण्यासाठी जगभर ज्या मशीनची शिफारस होते, ते मात्र वेगळंच आहे. ईटीए ६४९८ आणि त्याचं भावंड ६४९७ ही मुळात खिशातल्या घड्याळाची मशीनं. व्यास ३६.६ मिलिमीटर, सेकंदाला पाच ठोके, भाग मोठे, रचना उघडी. नवख्या हाताला ती सुसह्य वाटतात, आणि चीनमध्ये तयार होणाऱ्या त्यांच्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात. पण ३६.६ मिलिमीटरचं मशीन घ्यायचं म्हणजे केस चाळीसच्या पुढे गेलीच. ६४९७ चा सेकंद तर नवाच्या जागी येतो. म्हणून शिकावं ६४९८ वर, आणि घड्याळ करावं दुसऱ्या मशीनवर. तीन-चार वेळा उघडून जोडलेलं हे मोठं मशीन तसंच उघडं, सरावासाठी ठेवून द्यावं. ‘आता आहेच तर केसमध्ये घालू’ या मोहापायी किती तरी घड्याळं मनगटावर ताटलीसारखी दिसतात.

स्विस मशीनं घरगुती कारागिराला पूर्वीइतकी सहज का मिळत नाहीत, त्याचंही कारण आहे. २००२ मध्ये स्वॉच समूहाने जाहीर केलं की आपल्या ईटीए कंपनीची कच्ची मशीनं समूहाबाहेरच्यांना देणं टप्प्याटप्प्याने थांबवू. स्वित्झर्लंडच्या स्पर्धा आयोगाने लक्ष घातल्यामुळे ही प्रक्रिया लांबली, पण दिशा बदलली नाही. जुन्या रचनांचं पेटंट संपलेलं असल्यामुळे सेलिटासारख्या कंपन्या त्याच मापाची मशीनं बनवू लागल्या. ईटीए २८२४ साठी केलेली तबकडी आणि काटे सेलिटाच्या एसडब्ल्यू २०० वर चालतात, ते यामुळेच. मियोटावर मात्र ते चालत नाहीत. २८२४ च्या मिनिटकाट्याचं भोक ०.९० मिलिमीटर, मियोटा ९०३९ चं १.००. दशांश मिलिमीटरच्या या फरकावर शेकडो रुपयांचे काटे वाया जातात. मशीन ठरल्याशिवाय काटे घेऊ नयेत.

आपल्याकडच्या माणसासमोर आणखी एक वाट खुली आहे, आणि मला ती नव्या मशीनपेक्षा जास्त आवडते. हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही नावं महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहेत. दहावी पास झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्नात मिळालेली ही चावीची घड्याळं अजून कपाटांतून निघतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. पण ‘जनता’तलं सतरा ज्वेलचं मशीन इतकं सरळ आहे, की चांगल्या हाती ते अजून कित्येक वर्षं चालेल. चावीचं असल्यामुळे त्यात फिरता गोळा नाही, साहजिकच जाडी आटोक्यात राहते. त्यात मधोमध सेकंदकाटा असतो, म्हणजे अगदी शुद्ध ड्रेस वॉच होत नाही. पण ‘सोना’चं पातळ रूप डोळ्यांपुढे ठेवलं की या मशीनवर किती नेमकं घड्याळ होऊ शकतं ते कळतं. भागांसाठी दुसरं एखादं बंद घड्याळ घेऊन ठेवावं लागतं, एवढंच.

मुंबईचा स्विस घड्याळांशी संबंध तर त्याहून जुना. फाव्हर-ल्यूबाने १८६५ मध्ये मुंबईत पाय रोवले, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये इथेच सुरू झाली. फाव्हर-ल्यूबाचं ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ मागच्या पिढ्यांनी इतक्या संख्येने वापरलं, की चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ती अजून हाती लागतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे तबकडीवर किंवा काट्यांवर तपकिरी पडलेला जुना चमकता रंग. तो रेडियमचा असू शकतो. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. चमक विझली म्हणजे किरणोत्सर्ग विझला असं होत नाही. तो रंग खरवडू नये, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये; छंदासाठी असं घड्याळ न घेतलेलंच बरं.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. जुनं स्विस मशीन, घासून घासून झिजलेली केस, कुठले तरी काटे आणि नव्याने भडक रंगवलेली तबकडी, अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं. ही टीका रास्त आहे, पण अर्धीच. काही चौरस सेंटिमीटरच्या तबकडीवर मिनिटांच्या साठ रेघा नव्याने उमटवणाऱ्या कारागिराकडे असं कसब आहे, ज्यासाठी घरचा हौशी माणूस वर्षानुवर्षं धडपडतो. रंगवणं हा दोष नव्हे. जे नाव त्या तबकडीचं नाही ते तिच्यावर छापणं हा दोष. अशा कारागिरांकडून आपल्या स्वतःच्या रेखाटनाची, स्वतःच्या नावाची तबकडी करून घेता आली, तर दोघांचंही भलं होईल.

आता टेबलाकडे. घड्याळ उघडण्याआधी पंखा बंद करावा लागतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हीच मोठी अडचण. म्हणून पहाटेची वेळ चांगली. टेबलावर एका रंगाचा गुळगुळीत कागद, अंगात तंतू न सोडणारा कपडा, बोटांना रबरी टोप्या. हत्यारांमध्ये काटकसर करायची तर कुठे करावी याला क्रम आहे. चिमटे आणि पेचकस चांगलेच हवेत. टोकं एकमेकांवर नीट न मिटणारा चिमटा बारीक स्क्रू असा उडवतो, की तो पुन्हा सापडत नाही. मशीन धरायचा साचा, भिंग, फुंकणी यांत स्वस्त चालतं.

मशीन सोडवण्याआधी मेनस्प्रिंगचा ताण सोडलाच पाहिजे. चावी बोटांत घट्ट धरायची, अडसर बाजूला करायचा आणि चावी हळूहळू उलटी फिरू द्यायची. हे विसरून चाकांची धाव अडवणारा पॅलेट काढला तर चाकं सुसाट फिरतात आणि एखाद्या चाकाचं टोक मोडतं. धुण्यासाठी आपले घड्याळजी पिढ्यान् पिढ्या व्हाइट पेट्रोल वापरत आले. ते चालतं, पण खिडक्या उघड्या आणि ज्योत दूर ठेवून. इथे एक बारकावा फार थोड्यांना आधी कळतो. पॅलेटचे लाल दगड शेलॅकने, म्हणजे लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बाकी चाकं स्पिरिटमध्ये खुशाल बुडवावीत, पॅलेट आणि बॅलन्स मात्र त्यात ठेवू नयेत.

तेल किती घालायचं, याचं उत्तर प्रत्येक नवशिक्याच्या अंदाजापेक्षा कमी असतं. ज्वेलच्या वाटीत अर्ध्याहून थोडं जास्त, बस्स. झपाट्याने फिरणाऱ्या टोकांना पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्यांना घट्ट, पॅलेटच्या दगडांना वेगळंच. आणि पॅलेटच्या टोकांना मुळीच नाही. मग शेवटी बॅलन्स. चिमट्यात पूल धरलेला, खाली हेअरस्प्रिंगला चाक लोंबतंय. ते टोकावर अलगद टेकवायचं आणि थोडं फिरवून त्याचा दगड पॅलेटच्या शिंगांमध्ये आणायचा. जागा बरोबर लागली की स्क्रू आवळण्याआधीच चाक आपणहून डोलायला लागतं. ज्याने हे एकदा केलं, त्याला तयार संच पुन्हा पुरत नाही.

काट्यांचा निळा रंग हा या छंदातला सर्वांत सुंदर भाग, म्हणून इथे थोडा थांबतो. बाजारातले बरेच निळे काटे रंगवलेले असतात. खरा निळा रंग पोलादाला उष्णता देऊनच येतो आणि उजेड बदलला की तो काळ्यापासून जांभळ्या-निळ्यापर्यंत खेळतो. काटा आधी आरशासारखा घासायचा, मग तेलाचा अंशही न ठेवता धुवायचा. बोटाचा ठसा राहिला तर तो निळ्यात डाग होऊन कायमचा दिसतो. पितळेचा कीस एका छोट्या पत्र्यावर पसरून त्यावर काटा ठेवायचा, खाली स्पिरिटचा दिवा. कीस नसेल तर काट्याचं बारीक टोक आधी तापतं आणि रंग एकसारखा येत नाही. सव्वादोनशे अंशांच्या आसपास काटा गवती पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या जरा अलीकडे तो निळा येतो. जांभळ्यापासून निळ्यापर्यंतचे ते काही क्षण डोळा हलू द्यायचा नाही. निळा दिसताच उचलायचा. उशीर झाला की फिकट निळा आणि मग राखाडी होतो, आणि पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचं भान ठेवावं. हा निळेपणा म्हणजे पृष्ठभागावरचा पातळ थर आहे, दमट हवेत त्याखालून गंज येतो. काटे केसमध्ये बंद होईपर्यंत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावेत.

तबकडीसाठी ०.४ मिलिमीटरचा पितळी पत्रा घ्यावा. तापवलेल्या मिन्याची तबकडी, रोझ इंजिनवर कोरलेली गिलोशे तबकडी, ही फार मोठी कामं. त्यांना वेगळी यंत्रं लागतात. घरी सहज जमणारी आणि तरीही जुन्या घड्याळांना शोभणारी एक रीत आहे, ती म्हणजे चांदी चोळण्याची. अंक आणि रेघा पत्र्यावर आधी कोरून घ्यायच्या, त्यात काळी लाख भरायची, वरून सपाट घासायचं. चांदीच्या भांड्यांवर हाताने कोरणारा कारागीर ओळखीचा असेल तर हे कोरणं त्याच्याकडून शिकावं. मग सिल्व्हर क्लोराइड, मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर यांचा ओलसर लेप कापडाने गोल गोल चोळायचा. पिवळं पितळ डोळ्यांदेखत दुधाळ पांढरं होतं, काळे अंक तसेच राहतात. धुऊन, सुकवून लगेच लॅकर मारायचा, नाहीतर चांदी काळवंडते. छापील तबकडीची काटेकोर सफाई यात येत नाही. जी मऊ, दाणेदार शुभ्रता येते ती छापील तबकडीला कधी येत नाही.

तबकडीमागचे दोन तांब्याचे पाय हीच काय ती कटकट. ते मशीनच्या भोकांत बरोबर बसले पाहिजेत. पट्ट्या चिकटवून तबकडी बसवण्याचा सोपा उपाय सुचवला जातो, पण तो जाडी वाढवतो, आणि जाडी वाचवण्यासाठी तर एवढा खटाटोप चाललेला असतो.

केस घरी करणं हे मी तरी पहिल्या घड्याळासाठी सुचवणार नाही. स्टेनलेस स्टील छोट्या लेथला दाद देत नाही. करायचीच तर चांदीची करावी, आणि पट्ट्याचे कान जोडण्याचं काम ओळखीच्या सोनाराकडे न्यावं. बारीक डाक लावण्यात त्याचा हात आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी बसलेला असतो. काच ॲक्रेलिकची चालेल. नीलमण्याच्या काचेवर ओरखडा सहसा येत नाही हे खरं, पण ॲक्रेलिकची काच वरून किंचित फुगीर घेता येते, ओरखडे पॉलिशने निघतात, आणि जुन्या घड्याळांचा तो उबदार वळसा तिलाच आहे. पट्टा अठरा मिलिमीटरचा, हाताने शिवलेला.

वेळ लावण्याच्या कामात घाई करू नये. सेकंदाला पाच ठोके म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. त्यातले पन्नास कमी-जास्त झाले तर घड्याळ दहा सेकंद चुकतं. या प्रमाणात पाहिलं तर जुन्या मशीनचं दिवसाला दहा सेकंदांच्या आत येणं ही मोठी कामगिरी आहे. स्विस क्रोनोमीटरची प्रमाणित मर्यादासुद्धा उणे चार ते अधिक सहा सेकंद आहे. टाइमग्राफर नावाचं ठोके ऐकणारं यंत्र हौशी माणसाला परवडतं. पूर्ण चावी दिल्यावर आडव्या घड्याळात बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या पुढे नसेल, तर वेग जुळवणारा काटा पुढे-मागे करण्यात अर्थ नाही. कुठे तरी मळ आहे, पुन्हा उघडायला हवं. घड्याळ एकाएकी मिनिटांनी पुढे जायला लागलं, तर आधी चुंबकत्व पाहावं. फोनच्या कव्हरमधलं चुंबक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटवायला पुरेसं असतं.

राहिला तबकडीवरच्या नावाचा प्रश्न. दुसऱ्या कंपनीचं नाव आपल्या घड्याळावर घालणं भारतात १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या विरुद्ध जातंच. पण कायदा नसता तरी ज्या तबकडीवर इतके दिवस हात झिजवले, तिच्यावर परक्याचं नाव कशासाठी? स्वतःचं आडनाव घालावं, गावाचं घालावं, किंवा जागा कोरी सोडावी. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र लिहावं. जुने घड्याळजी दुरुस्तीची खूण आणि तारीख तिथे सुईने कोरून ठेवत, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला मागचं कळे. आपणही मशीन कोणतं, कुठला भाग कुठल्या घड्याळातून आणला आणि तेल कधी घातलं, एवढं तिथे कोरावं. चार-पाच वर्षांनी तेल वाळतं, आणि तेव्हा हे घड्याळ कुणाला तरी पुन्हा उघडावंच लागणार आहे.